तपकिरी दिसली म्हणजे ओळख पटली? रोगप्रतिकारक पेशी ओळखताना या चुका टाळा

एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, म्हणजे ऊतींच्या नेहमीच्या रंगांच्या) स्लाइडवर छोटी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) म्हणजे गडद निळं, गोल केंद्रक आणि भोवती जेमतेम पेशीद्रव. टी असो की बी, दिसायला सारखीच. तरी नुसतं बघून 'टी वाटतायत' असं ठोकून देणारे असतातच. प्लाझ्मा पेशी किंवा इओसिनोफिल साध्या रंगावर सहसा ओळखू येतात. टी-बीसाठी मात्र आयएचसी (अँटिबॉडीने विशिष्ट प्रथिन शोधून ते रंगवण्याची पद्धत) लागतेच, आणि किमान सीडी३ (टी पेशींचं प्रथिन) व सीडी२० (बी पेशींचं) ही जोडी तरी हवी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच मार्करवर (पेशीची ओळख पटवणाऱ्या प्रथिनावर) विसंबणं. रिटुक्सिमॅब (सीडी२० वर मारा करणारं औषध) घेतलेल्या रुग्णाच्या लिम्फोमात (लिम्फोसाइटांच्या कर्करोगात) सीडी२० नाहीसा होऊ शकतो. पेशी बी असतात, स्लाइड मात्र कोरी. म्हणून आधी उपचारांची माहिती मागवा आणि पॅक्स५, सीडी१९ किंवा सीडी७९ए हे बी पेशींचे दुसरे मार्कर लावून बघा. सीडी१३८ ची गंमत उलटी आहे: तो प्लाझ्मा पेशींचा मार्कर खरा, पण कित्येक कार्सिनोमाही (आवरण-पेशींचे कर्करोग) त्याने रंगतात. सीडी४ आणि सीडी८ हे टी पेशींच्या दोन गटांचे मार्कर, पण सीडी४ मॅक्रोफेजवरही (जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशींवरही) फिकट उमटतो. सीडी४ आणि सीडी८ यांची बेरीज सीडी३ च्या फार पुढे गेली, तर मॅक्रोफेज मोजले गेलेत का ते तपासा.

रंग आला का, एवढंच बघून थांबू नका. कुठे आला तेही बघा. सीडी२० पेशीच्या कडेला हवा, पॅक्स५ केंद्रकात, सीडी६८ (मॅक्रोफेजचा मार्कर) पेशीद्रवात दाणेदार. पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या ऊतीवर) एनके (नॅचरल किलर) पेशींच्या पेशीद्रवातही सीडी३ दिसतो, त्यामुळे सीडी३ पॉझिटिव्ह म्हणजे टी, असं लगेच लिहून मोकळं होऊ नये.

इओसिनोफिलांमध्ये स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते नीट ब्लॉक केलं नाही, तर डीएबीमुळे (पेरॉक्सिडेजच्या क्रियेने तपकिरी होणारं, आयएचसीतलं रसायन) त्या पेशी प्रत्येक मार्करला तपकिरी दिसतात. निगेटिव्ह कंट्रोलवरही (मार्करची अँटिबॉडी न लावलेल्या स्लाइडवरही) त्याच पेशी रंगल्या असतील, तर दोष तिथेच आहे.

पॉझिटिव्ह कंट्रोलला (रंग नक्की यायलाच हवा अशा नमुन्याला) टॉन्सिल सोयीचं. त्यात सीडी२० फॉलिकलांमध्ये (बी पेशींच्या गोल पुंजक्यांमध्ये) गच्च आणि सीडी३ मुख्यतः त्यांच्या मधल्या भागात दिसायला हवा. हे चित्र उलटंपालटं असेल, तर रुग्णाच्या स्लाइडवर डोकं खपवू नका. आधी अँटिबॉडीच्या बाटल्या अदलाबदल झाल्यात का ते बघा.