जुन्या पिकअपचं ब्रेकचं काम शिकताय? आधी पेडल, मग पाना

गॅरेज लाइनमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्यापासून एकच सवय लावायला बघतो, ब्रेकची कंप्लेंट घेऊन जुनी पिकअप आली की लगेच जॅक लावायचा नाही, आधी सीटवर बसायचं आणि पेडल दाबून बघायचं. मालक फक्त "ब्रेक लागत नाही" एवढंच सांगतो, पण त्यात चार-पाच वेगवेगळे फॉल्ट लपलेले असतात. बरेच जण सरळ मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर, बदलून मोकळे होतात, मग गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. ब्रेकच्या बाबतीत असं अंदाजाने पार्ट बदलणं मला अजिबात पटत नाही, कारण मधल्या काळात ती गाडी माल भरून रस्त्यावर फिरत असते.

पेडल काय सांगतं ते बघा. मऊ लागतंय, दाबलं की स्पंजसारखं आत जातंय म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा आहे किंवा रबरी होज जुने होऊन दाबाने फुगतायत. पहिल्यांदा खूप खाली जातं पण दोन-तीनदा भराभर मारल्यावर वर येतं, तर बहुतेक मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग, ढिले असतात, ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून जाम झालेला असतो. पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल हळूहळू फ्लोअरकडे बसत गेलं तर कुठेतरी लीक आहे, आणि बाहेर कुठेच ओलं दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे वॉशर, म्हणजे रबरी सील, आतल्या आत ऑइल सोडतायत असं समजा.

पेडल कडक आहे, जीव लावून दाबलं तरी गाडी थांबत नाही, तर बूस्टर, म्हणजे व्हॅक्युमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा, बघायचा. टेस्ट सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारायचं, मग पाय दाबूनच ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. नाही सरकलं तर लगेच बूस्टर खोलू नका, व्हॅक्युम येतोय का ते आधी बघा. डिझेल गाडीत व्हॅक्युम पंप वेगळा असतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, तो पंप किंवा त्याचा पाइप आणि वन-वे व्हॉल्व्ह गेला असला तरी लक्षण अगदी तेच येतं.

ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल कमी होतंय पण लीक सापडत नाही, हे तर फार कॉमन आहे. पॅड झिजले की पातळी थोडी खाली येते, ते नॉर्मल. पण वारंवार टॉपअप लागत असेल तर मास्टर सिलिंडरचे नट ढिले करून तो थोडा पुढे ओढा आणि मागचा भाग बघा, तिथे ओल असेल तर ऑइल बूस्टरमध्ये जातंय. दुसरी जागा म्हणजे व्हील सिलिंडर, ड्रममध्ये शू ढकलणारा छोटा सिलिंडर, त्याचं धुळीचं रबर जरा उचलून बघायचं. ड्रमच्या आत ओलं दिसलं तरी ते ब्रेक ऑइलच असेल असं नाही हां, मागच्या अ‍ॅक्सलचा सील गेला की गिअर ऑइल तिथेच येतं, ते जाडसर असतं आणि त्याचा उग्र वास लगेच कळतो. लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, ऑइलने भिजलं की घासून, धुवून, जाळून काही उपयोग नाही, नवीनच टाकायचं आणि दोन्ही बाजूंना टाकायचं, एका बाजूला टाकलं तर गाडी एकीकडे ओढणार.

एखादं चाक जाम होत असेल तर मला आवडणारी पद्धत सांगतो. चाक जाम असताना ब्लीडिंग निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू, उघडा. मोकळं झालं नाही तर फॉल्ट त्या चाकातच, पिस्टन किंवा स्लाइड पिन अडकलीय, मागचं चाक असेल तर हँडब्रेकची केबल. निपल उघडल्यावर मोकळं झालं तर दाब अडकून बसत होता. मग परत जाम करून या वेळी होजचा चॅसीकडचा जॉइंट ढिला करा. तरीही चाक जामच राहिलं तर होज आतून बंद झालाय, बाहेरून तो अगदी नवीन दिसत असला तरी.

आता हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग. इथे नवीन पोरं सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल एकदम फ्लोअरपर्यंत मारायचं नाही, रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी जात नाही तिथे बोअरमध्ये गंज साचलेला असतो आणि त्यावर वॉशर घासून फाटतो, म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. निपल अडकला असेल तर जोर लावू नका, गंज सोडवणारा स्प्रे मारा, हलकं ठोका, आधी किंचित आवळून मग सोडा. नवीन कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवल्यावर कितीही ब्लीड केलं तरी पेडल मऊच राहत असेल तर निपल वर आहे का बघा, डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि वरची हवा कधीच निघत नाही.

आणि खास पिकअपची गोष्ट म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी रिकामी असताना तो मागचा दाब कमी ठेवतो म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही, माल भरला की जास्त दाब सोडतो. गाडी लिफ्टवर घेऊन अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागे ऑइल नीट जातच नाही, त्यामुळे अ‍ॅक्सलवर वजन असतानाच मागची हवा काढा. मालकाने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटा टाकून गाडी उंच केली असेल तर याच कारणाने मागचे ब्रेक कमजोर पडतात, तेव्हा व्हॉल्व्हला जोडलेल्या लिंकची सेटिंग बघायला विसरू नका.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाकायचं. डॉट ३ ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात लांब उतारावर पेडल अचानक गायब होतं ते यामुळेही. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. रबराचे पार्ट डिझेल, पेट्रोल, रॉकेलने धुवू नका, रबर फुगतं आणि नवीन किट वाया जातं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, स्टँड पाहिजेच.

सुरुवातीचे महिने शू-पॅड आणि अ‍ॅडजस्टमेंटवरच हात बसवा, मास्टर आणि पाइप फ्लेअरिंग (जॉइंटसाठी पाइपचं तोंड पसरवणं) नंतर. वहीत कंप्लेंट, पेडल कसं होतं आणि शेवटी काय सापडलं एवढं लिहीत जा. आणि कितीही घाई असली तरी तुमचं ब्रेकचं काम सीनियरने बघितल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नका.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरायला कोणाला तरी बसवा आणि तुम्ही खाली एकेक जॉइंट टॉर्चने बघा. मग मोकळ्या जागेत हळू स्पीडला, मग रस्त्यावर. आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एकच जास्त तापलं असेल तर ते परत खोला. ऑइलच्या डबीवर मार्करने खूण करून मालकाला दाखवा आणि आठवड्याने पातळी बघायला सांगा, खाली गेली असेल तर गाडी तशीच घेऊन ये म्हणावं.