फोटो आणि फाइलींचा मेटाडेटा: काय जपायचं, काय पुसायचं

स्कॅन केलेला आजीच्या लग्नाचा फोटो मोबाइलच्या गॅलरीत परवाच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसतो, कारण फाइलीत काढल्याची तारीख नसते, स्कॅनिंगची असते. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, जागेचे अक्षांश-रेखांश अशी फाइलीत दडलेली माहिती म्हणजे मेटाडेटा. आपल्याकडच्या प्रतीत ती पूर्ण आणि बरोबर हवी, बाहेर पाठवायच्या प्रतीत गरजेपुरतीच. म्हणून प्रती दोन ठेवा.

आधी आत काय आहे ते बघा. विंडोजमध्ये फाइलीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘डीटेल्स’ टॅब उघडा. ‘डेट टेकन’ ही फोटो काढल्याची तारीख. ‘डेट क्रिएटेड’वर विसंबू नका. पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी केली की ती कॉपीच्या दिवसाची होते. ‘डेट मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते.

जुन्या फोटोंसाठी डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एका समारंभाचे सगळे फोटो एकदम निवडून तारीख बदलता येते. फक्त साल माहीत असेल तर त्या सालची १ जानेवारी टाका आणि कॅप्शनमध्ये ‘तारीख अंदाजे’ असं लिहा; हा नियम सगळ्या फोटोंना एकच ठेवा. कॅप्शनमध्ये डावीकडून उजवीकडे नावं, बायकांची माहेरची आडनावंसुद्धा, आणि गाव. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा हस्ताक्षर असेल तर पाठही स्कॅन करा. घरातली जाणती माणसं आहेत तोवरच ही नावं मिळतात, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका.

इथे दोन ठिकाणी घात होतो. पहिला: डिजीकॅमच्या सेटिंग्जमध्ये मेटाडेटा फाइलीत लिहिण्याचा पर्याय बंद असेल, तर कॅप्शन फक्त त्याच्या डेटाबेसमध्ये राहते आणि फोटो दुसऱ्याला दिला की नाहीशी होते. दुसरा: एक्झिफ या मेटाडेटाच्या जुन्या पद्धतीतला वर्णनाचा रकाना रोमन अक्षरांपुरता बनवलेला आहे, तिथे देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. एक्सएमपी या पद्धतीत देवनागरी नीट बसते. दोनशे फोटोंना हात घालण्याआधी एकावर करून तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. गूगल फोटोजमध्ये तारीख दुरुस्त केलीत तरी मूळ फाइलीतली तारीख बदलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की जागा आणि काढल्याची वेळ दोन्ही गळून जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर दोन्ही शाबूत राहतात. लग्नाचे फोटो नातेवाइकांकडून डॉक्युमेंट म्हणून मागा. विकायच्या गाडीचा दारात काढलेला फोटो अनोळखी माणसाला तसा पाठवू नका. त्यात तुमच्या घराचा पत्ताच असतो. डिसेंबर २०१२ मध्ये मॅकॅफी अँटीव्हायरस कंपनीचे संस्थापक, फरार जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचं एका मासिकाने आपल्या वेबसाइटवर टाकलेल्या फोटोतल्या अक्षांश-रेखांशावरूनच उघड झालं होतं. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोकेशन’ बंद करता येतं. अँड्रॉइडवर बहुतेक कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये लोकेशनचं बटण असतं, पण ते बंद केल्याने आधी काढलेल्या फोटोंतली जागा जात नाही.

व्यवसायात सगळ्यात जास्त घोळ होतो कोटेशनमध्ये. जुन्या ग्राहकाची वर्ड फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायची, नाव आणि दर बदलायचे, ही सगळीकडची रीत. पण फाइलीच्या मेटाडेटातल्या ‘टायटल’च्या रकान्यात पहिल्या ग्राहकाचं नाव भरलेलं असेल तर ते तसंच राहतं, आणि पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या टॅबवर तेच झळकतं. ‘ट्रॅक चेंजेस’ ही बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू असेल तर खोडलेले जुने दरही वर्ड फाइलीत दिसतात. पाठवण्याआधी फाइलीची प्रत काढा, ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ असं जा, तपासा आणि नको ते काढा. मग ‘टायटल’मध्ये नवं नाव भरूनच पीडीएफ करा.

एक्सेलमध्येही हीच तपासणी आहे, पण तिथे लपवलेल्या शीट आणि ओळी काढताना जपून. खरेदीचे भाव लपवलेल्या शीटवर असतील आणि बेरजा त्यावरून येत असतील, तर शीट उडवली की बेरजेच्या जागी एरर येते. ग्राहकाला एक्सेल द्यायचीच असेल तर प्रतीत आधी आकडे ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने, म्हणजे सूत्राच्या जागी नुसता आकडा चिकटवून, पक्के करा, मगच शीट काढा.