पेटंट कधी संपतं, हे मोजायची माझी पद्धत

तारापूर एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांतून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, या मॉलिक्यूलचं पेटंट कधी संपतंय?" मी विचारते, "कुठलं पेटंट? कुठल्या देशातलं?" पलीकडे शांतता. एका औषधावर पाच-दहा पेटंटं असू शकतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी, हे बावीस वर्षं सांगतेय.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही गोते खाल्लेत. प्राधान्य तारखेपासून, म्हणजे जगातल्या पहिल्या अर्जापासून, वीस वर्षं मोजली आणि एक तारीख जवळजवळ वर्षभर अलीकडे आणून ठेवली. चूक बैठकीत उघडी पडली. साहेब काही बोलले नाहीत, फाइल फक्त माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून हे काम मी कागद-पेन्सिलीनेच करते.

पेटंटच्या पहिल्या पानाची प्रिंट काढा. त्यावर कंसात बारीक आकडे दिसतील. (30) समोर प्राधान्याची तारीख, म्हणजे जगात कुठेतरी पहिला अर्ज कधी पडला ती. (22) समोर हा अर्ज दाखल झाल्याची तारीख. (43) म्हणजे प्रकाशन, ते आत्ता सोडून द्या. (22) ला गोल करा. भारतात 20 वर्षं तिथून मोजायची (आंतरराष्ट्रीय अर्जातून आलेल्याचं वेगळं, ते पुढच्या उदाहरणात). मंजुरी सहा वर्षांनी मिळाली तरी शेवटची तारीख जागची हलत नाही, उशीर अर्जदाराच्या पदरात.

उदाहरण घेऊ बेडाक्विलिनचं, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरच्या गोळीचं. मूळ संयुगाचा पहिला अर्ज अमेरिकेत जुलै 2002 मध्ये पडला. वर्षाच्या आत, 18 जुलै 2003 ला, पीसीटीखाली, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत जाण्याची सोय देणाऱ्या कराराखाली, आंतरराष्ट्रीय अर्ज झाला. भारतात शिरायला प्राधान्य तारखेपासून 31 महिने मिळतात, म्हणजे इथे फेब्रुवारी 2005 पर्यंत. आता मोजा. नवखा माणूस 2022 म्हणेल, दुसरा भारतात अर्ज आल्यापासून मोजून पुढचंच काहीतरी सांगेल. कायदा आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख धरतो. त्यामुळे भारतातलं पेटंट 18 जुलै 2023 ला संपलं.

पीसीटीच्या वाटेने न येता परदेशातल्या पहिल्या अर्जाचं प्राधान्य सांगून थेट इथे केलेला अर्ज असेल, तर भारतात दाखल केल्याची तारीख धरा. आणि भारतातच आधी तात्पुरतं विवरण देऊन बारा महिन्यांत पूर्ण विवरण दिलं असेल, तर घड्याळ तात्पुरत्यापासूनच सुरू होतं, कारण अर्ज तोच असतो. अमेरिकेत नेमकं उलटं: तिथला तात्पुरता अर्ज वीस वर्षांत धरतच नाहीत. इथे चुकलेले अनुभवी लोकही मी पाहिलेत.

आता वंशावळ. एकाच प्राधान्यातून निघालेले देशोदेशीचे अर्ज म्हणजे एक कुटुंब. एस्पेसनेटवर, म्हणजे युरोपीय पेटंट कार्यालयाच्या शोध संकेतस्थळावर, क्रमांक टाकला की कुटुंबाची यादी निघते, पण तेवढ्यावर थांबू नका. भारतीय फाइलमधला फॉर्म 3 उघडा. बाहेरच्या देशांतल्या आपल्या अर्जांची माहिती अर्जदाराला त्यात द्यावी लागते. माझ्या मते सगळ्या फाइलमधला हा सर्वांत दुर्लक्षित कागद.

भारतीय अर्जाचा क्रमांकही बोलतो. नव्या बारा आकडी क्रमांकात आधी वर्ष, मग कार्यालय (1 दिल्ली, 2 मुंबई, 3 कोलकाता, 4 चेन्नई), मग अर्जाचा प्रकार. 7 असेल तर पीसीटीतून आलेला, 8 असेल तर त्याचा डिव्हिजनल. डिव्हिजनल म्हणजे एका अर्जात दोन शोध कोंबलेले असले की वेगळा काढलेला. दाखल उशिरा होतो, पण तारीख आईचीच, म्हणजे मूळ अर्जाचीच लागते, म्हणून संपतोही तिच्याबरोबर. पुरवणी पेटंटाचंही तसंच. मूळ पेटंट संपलं की तेही संपतं, त्याला वेगळं नूतनीकरण शुल्कही नसतं.

अमेरिकेची तारीख इथे उतरवून घेऊ नका. तिथे कार्यालयाकडून झालेल्या उशिराचे दिवस वाढवून मिळतात, औषधाच्या परवानगीत गेलेल्या काळापोटी पाच वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. आपल्याकडे या दोन्ही सोयी नाहीत.

एक कुटुंब मोजून झालं की शेजारचं शोधा. बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा वेगळा पीसीटी अर्ज डिसेंबर 2007 मधला. तो भारतात 1220/एमयूएमएनपी/2009 या जुन्या पद्धतीच्या क्रमांकाने आला. एमयूएम म्हणजे मुंबई, एनपी म्हणजे पीसीटीचा राष्ट्रीय टप्पा. मंजूर झाला असता तर मक्तेदारी डिसेंबर 2027 पर्यंत लांबली असती. क्षयरोगातून वाचलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी 2019 मध्ये मंजुरीपूर्व विरोध दाखल केला, आणि 23 मार्च 2023 ला अर्ज फेटाळला गेला. फक्त पहिलं कुटुंब पाहून 'जुलै 2023' लिहिणारा नशिबाने बरोबर ठरला असता. मला नशिबावर तारीख द्यायची नसते, म्हणून क्षार, स्फटिकरूप, गोळीची घडण, बनवायची प्रक्रिया, प्रत्येकासाठी वेगळा शोध घेते.

शेवटी पेटंट कार्यालयाचं रजिस्टर. वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीही पेटंट मरू शकतं, कारण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी शुल्क भरावं लागतं. चुकलं तर सहा महिन्यांची सवलत, तीही गेली तर पेटंट बंद. पण रजिस्टरमध्ये 'बंद' दिसलं म्हणून लगेच मशीन सुरू करू नका. बंद पडल्यापासून 18 महिन्यांत ते पुन्हा जिवंत करून घेण्याचा अर्ज करता येतो. मी कॅलेंडरवर ते 18 महिने लाल पेनाने मारून ठेवते.

आणि तारापूरवाल्यांचा पुढचा प्रश्न: तोवर हात बांधून बसायचं का? नाही. कलम 107अ प्रमाणे औषध परवानगीसाठी लागणारी माहिती गोळा करण्यापुरतं उत्पादन आणि चाचण्या पेटंट चालू असतानाही करता येतात. बाजारात विकायचं मात्र नाही. बॅचच्या नोंदवहीत कशासाठी बनवलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.