सायन्सचं पोस्टर कसं निवडावं: एकदा सोफ्यावरून, एकदा नाक लावून

हॉलची एक भिंत रिकामी आहे, सात घोडे आणि धबधबा नको झालाय, आणि घरात कुणाला तरी आकाशाचं, प्राण्यांचं नाहीतर केमिस्ट्रीचं वेड आहे, मग सायन्सचं काहीतरी लावू असं ठरतं आणि आपण ऑनलाइन शोधायला बसतो, अर्ध्या तासात दोनशे चित्रं बघून डोकं गरगरतं आणि शेवटी आइन्स्टाइनची जीभ घेऊन मोकळे होतो. त्या जिभेवर माझा राग नाही (फोटो १९५१ चा, त्याच्या ७२ व्या वाढदिवसाचा), पण असल्या पोस्टरखाली छापलेली वाक्यं बऱ्याचदा त्याची नसतातच, त्यामुळे खाली सुविचार असेल तर मी ते सरळ सोडून देतो.

माझी निवडायची पद्धत साधी आहे. पोस्टर दोनदा बघायचं, एकदा दहा फुटांवरून आणि एकदा नाक लावून. लांबून ते चित्र म्हणून आवडलं पाहिजे आणि जवळ गेल्यावर त्यात काहीतरी सापडलं पाहिजे. नुसतं लांबून छान असेल तर तो वॉलपेपर झाला, आणि नुसतं जवळून छान असेल तर तो शाळेतला तक्ता, जो लांबून करडा दिसतो.

आधी भिंत बघा, चित्र नंतर

सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा आणि समोरच्या भिंतीवर जुन्या वर्तमानपत्राचा पोस्टरएवढा कागद चिकटवा. दोन दिवस राहू द्या. ए३ म्हणजे साधारण १२ बाय साडेसोळा इंच, हातात मोठं वाटतं पण हॉलच्या भिंतीवर तिकिटासारखं दिसतं, तिथे निदान ए२ हवं. सोफ्याच्या वर लावणार असाल तर सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश जागा भरली की बरं दिसतं.

याच दोन दिवसांत ऊन कुठून येतं ते बघून ठेवा. पश्चिमेचं ऊन रोज पडत असेल तर वर्षा-दोन वर्षांत लाल-पिवळा उडतो आणि निळसर भूत उरतं. आणि रात्री ट्यूबलाइट लावून पण बघा, हे मी केलं नव्हतं. मी हौसेने काळ्याभोर आकाशाचं चकचकीत ग्लॉसी प्रिंट काढलं, काच लावली, आणि संध्याकाळी सोफ्यावरून बघतो तर तारे नाहीत, तेजोमेघ नाही, फक्त ट्यूबलाइट आणि मी.

विषय निवडताना

माझ्या घरी अपोलो १७ या चंद्रावर निघालेल्या यानातून ७ डिसेंबर १९७२ ला काढलेला पृथ्वीचा फोटो आहे. लांबून निळी गोटी, कुणालाही आवडेल अशी. जवळ गेलात की (नेहमीसारखी उत्तर वर धरली तर) आफ्रिका, अरबस्तान, खाली अंटार्क्टिका, आणि वर उजवीकडे अगदी कडेला ढगांचा एक भोवरा दिसतो, ते त्या आठवड्यात तमिळनाडूवर आलेलं चक्रीवादळ. शिवाय मूळ फोटोत दक्षिण वर होती, छापताना उलटा केलाय. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, मामा मग आपण उलटाच लावू ना, आणि खरंच तसाच लावलाय, आता येणारा प्रत्येक जण मान वाकडी करून विचारतो.

असंच जेम्स वेब दुर्बिणीचं कॅरिना तेजोमेघाचं (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचं) चित्र, जुलै २०२२ मध्ये आलेलं. लांबून तांबूस डोंगर आणि वर निळं आकाश वाटतं. जवळून चमकणारे तारे बघा, त्यांना सहा मोठी आणि दोन छोटी टोकं दिसतील, मोठी सहा वेबच्या षटकोनी आरशांमुळे आणि छोटी दोन पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे. हबल दुर्बिणीच्या चित्रात चारच टोकं असतात. एकदा हे कळलं की पोस्टरवाल्याने काहीही नाव छापलेलं असू दे, चित्र वेबचं आहे की नाही ते तुम्ही सांगू शकता. रंग मात्र डोळ्यांना दिसणारे नाहीत, वेब इन्फ्रारेडमध्ये बघते आणि रंग नंतर दिलेले असतात, तेव्हा "आकाशात खरंच असं दिसतं" असं पोरांना सांगू नका.

आकाश नको असेल तर अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाची समुद्रातल्या जिवांची चित्रं बघा. १८९९ ते १९०४ मध्ये त्याने निसर्गातल्या जिवांच्या चित्रांची १०० पानं काढली, त्यातली बरीच समुद्रातली. लांबून ती रांगोळी किंवा झुंबरासारखी दिसतात. आठव्या पानावरच्या जेलीफिशच्या लांब झुलत्या धाग्यांत त्याला तरुणपणी गेलेल्या बायकोचे केस दिसायचे म्हणे, ते खरं-खोटं राहू दे, पण त्या जातीला नाव त्याने तिचंच दिलंय. त्याने निसर्गापेक्षा जरा जास्तच नेटकं काढलंय अशी टीका होते आणि ती खरी आहे, तरी भिंतीवर याच्याइतकं शोभणारं सायन्स मी बघितलेलं नाही.

आणि आपल्याकडचं हवं असेल तर लोणार. उपग्रहातून काढलेला फोटो, बेसाल्टमध्ये उल्केने पाडलेला जवळपास १.८ किलोमीटरचा गोल, भोवती हिरवी कडा. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी लावले तर बघणारा विचारल्याशिवाय राहणारच नाही.

चुका तपासा

बाजारातल्या कितीतरी पोस्टरांत घोळ असतो. आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं हवीत आणि शेवटच्याचं नाव ओगानेसॉन हवं. ११३, ११५, ११७ आणि ११८ ला २०१६ मध्ये नावं मिळाली, तिथे तीन अक्षरी तात्पुरती खूण असेल तर माल जुना आहे. ग्रहमालेत प्लूटो नववा ग्रह म्हणून असेल तर २००६ च्या आधीचं डिझाइन. (ग्रहमालेचं कुठलंच पोस्टर प्रमाणात नसतं, पृथ्वी १ सेंटीमीटरची काढली तर सूर्य शंभर मीटरपेक्षा लांब, म्हणजे बिल्डिंगच्या बाहेर जाईल.)

डीएनएची गंमत वेगळीच. आपला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. दुकानात खिशातून स्क्रू काढून उभा धरा, पुढचे आटे खाली डावीकडून वर उजवीकडे चढतात, चित्रातली पट्टी तशी चढत नसेल तर डिझाइनरने चित्र आरशात फिरवलंय. माकडापासून माणसापर्यंत एका रांगेत चालत जाणारी ती सहा आकृत्यांची रांगही नको, उत्क्रांती झाडासारखी फुटते, अशी रांगेत चालत नाही.

फाईल आणि प्रिंट

नासाची बहुतेक चित्रं त्यांच्या साइटवरून फुकट मिळतात आणि घरात लावायला काही अडचण नाही. डाउनलोड करताना सगळ्यात मोठी फाईल घ्या. हिशोब सोपा आहे, पिक्सेलला ३०० ने भागा, तितके इंच झकास येतील. वेबचं ते कॅरिना पूर्ण आकारात १४,५७५ बाय ८,४४१ पिक्सेल आहे, म्हणजे चार फूट रुंद छापलं तरी नाक लावून बघता येतं. फक्त लांबूनच बघायचं असेल तर १५० ने भागलं तरी चालतं.

आता सगळे जी चूक करतात ती. एवढी मोठी फाईल डाउनलोड करायची आणि प्रिंटवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवायची. ती तिथेच लहान होते. समजा १६०० पिक्सेल उरले, तर हिशोबाने जेमतेम पाच इंच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन जा.

कागद मॅट घ्या, लॅमिनेशन पण मॅट. फ्लेक्स नको, वास येतो आणि लग्नाच्या बॅनरसारखं दिसतं. बजेट कमी असेल तर सनबोर्डवर चिकटवून घ्या, हलकं असतं. आकाशाचं चित्र स्क्रीनपेक्षा कागदावर नेहमीच काळवंडतं, म्हणून आधी त्यातला हातभर तुकडा छापून बघायला सांगा, प्रिंटवाला कुरकुर करेल पण करू दे.

टांगताना

चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा, आपल्याकडे उगाच छताला लागेल इतकं वर टांगतात. पोरांच्या खोलीत अजून खाली. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ड्रिल मारू नका, आत वायर नाहीतर पाइप असतो. डबल टेप डिस्टेंपरवर लावला तर काढताना पापुद्र्यासकट येतो, भाड्याच्या घरात तर बघायलाच नको. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर फ्रेममागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते, नाहीतर दिवाळीला फ्रेम काढाल तेव्हा मागे बुरशी आणि कसर.

आवर्तसारणी मात्र आमच्याकडे हॉलमध्ये नाही, बाथरूमच्या दाराला आतून आहे, कारण तिथेच ती वाचली जाते. तिथे लावणार असाल तर लॅमिनेट करताना कडेने अर्धा इंच नुसतं प्लास्टिक सोडायला सांगा, आमचं पहिलं कागदाच्या कडेला लागून कापलं होतं, वाफ आत शिरली आणि हायड्रोजनपासून सुरुवात करून महिन्याभरात सगळी डावी बाजू फुगली.