लोणेऱ्याला निघताना

आपल्या खानदेशात बारावी झालेल्या पोरांच्या घरात सध्या एकच शब्द कानावर पडतो, ‘बाटू’. बॅगेआधी त्याचाच घोळ निस्तरून घ्या. बाटू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९८९चं, मुख्य आवार रायगड जिल्ह्यात लोणेऱ्याला. पुढे २०१४च्या कायद्याने राज्यभरातली कॉलेजं त्याला जोडायची सोय झाली. म्हणजे पदवीवर बाटूचं नाव असलं तरी पोरगं शिकणार भलत्याच गावी, असंही होतं. आमच्या गल्लीत एकाचं झालं. तेव्हा इंजिनिअरिंग प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना विद्यापीठाचं नाव नको, कॉलेजचा कोड आणि गाव बघा. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती आपोआप पक्की होते, मग हळहळून उपयोग नाही.

कागदांत सगळ्यात जास्त रडवतं ते जात वैधता प्रमाणपत्र. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेतला दाखला काढायला अमळनेर, पारोळा, शिरपूर, जिथे ते शिकले तिथे स्वतः जा; फोनवर काम होत नाही. हे अकरावीतच उरका. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. उत्पन्नाचा दाखला मुलींच्या घरच्यांनी तर विसरूच नये: उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना २०२४-२५पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिष्यवृत्तीसाठी बँक खातं पोराच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं. डोमिसाईल, टीसी, गुणपत्रिका, फोटो हे तर सगळेच नेतात. झेरॉक्सचे तीन संच करा, मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

प्लास्टिक का, ते माणगावला उतरल्यावर कळेल. जळगावात अख्ख्या पावसाळ्यात सात-आठशे मिलिमीटर पडतो, रायगडात तीन हजारांच्या वर. भुसावळ-जळगावकडून कल्याण, तिथून पनवेल, पुढे कोकण रेल्वे किंवा एसटीने माणगाव. लोणेरे त्याच्या पुढे, महाडच्या वाटेवर, मुंबई-गोवा महामार्गालगत. जवळचं गोरेगाव रोड स्टेशनही चालतं. ते मुंबईचं गोरेगाव नव्हे, लोकलमध्ये बसू नका.

आपल्याकडचे जाड सुती कपडे तिथे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पातळ, लवकर वाळणारे घ्या. कपड्यांत ठेवायला डांबराच्या गोळ्या, दोरी, चिमटे, रबरी चप्पल. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री उलटी करतो. मच्छरदाणी, टॉर्च.

खाण्याचं आईवर सोडलं तर अर्धी बॅग भरते. शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, काळा मसाला चालेल. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, मात्र सादळून चामड्यासारखे होतात. नेलेच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा उघडला की त्याच रात्री सगळ्या खोलीने मिळून संपवायचे.