पब्लिक इकॉनॉमिक्सच्या पेपरआधी: एका शून्याची गोष्ट

मागच्या वेळी मी या पेपरात आपटले ती एका वाक्यामुळे. प्रश्न मजुरीवरच्या कराचा होता. कराआधी १२ तास काम, करानंतरही १२च तास, एवढं गणित बरोबर आलं आणि मी ऐटीत लिहिलं, ‘श्रमाचा पुरवठा बदलला नाही, म्हणून डेडवेट लॉस (करामुळे होणारं, सरकारच्याही हाती न लागणारं नुकसान) शून्य.’ पुढचे सगळे उपप्रश्न त्याच शून्यावर उभे होते. त्यामुळे काय वाचायचं याची ही यादी त्या शून्याभोवतीच फिरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मायक्रो, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्र, पक्कं हवंच. लॅग्रांज, एन्व्हलप प्रमेय, खर्च फलन येत नसेल तर पुढे वाचू नका, आधी ते करा. कल्याणाच्या दोन प्रमेयांपैकी दुसऱ्यापाशी थोडं रेंगाळा. हवं ते वाटप बाजारातून गाठायला एकरकमी हस्तांतरण, म्हणजे माणूस किती कमावतो यावर न ठरणारी देवघेव, लागतं, आणि कोणाची कुवत किती हे सरकारला दिसत नाही. दिसतं ते फक्त उत्पन्न. मर्लीसचा आयकर कसा लावावा यावरचा १९७१चा पेपर याच अडचणीतून सुरू होतो, हे कळलं की त्यातलं भयानक दिसणारं गणित निदान कशासाठी चाललंय ते समजतं.

आता माझं शून्य. वही काढा आणि हे हाताने करा, नुसतं वाचून मान डोलावू नका, मीही डोलावली होती. उपयोगिता म्हणजे उपभोग गुणिले विश्रांती. दिवसाचे २४ तास, तासाला मजुरी १०, दुसरं उत्पन्न नाही. माणूस १२ तास काम करतो, १२० मिळवतो. ५० टक्के कर लावा: तरी १२च तास, हातात ६०, सरकारकडे ६०, उपयोगिता ७२०. आता कर काढून टाका आणि एकरकमी किती घेतलं तर तो याच ७२०वर येईल ते शोधा. उत्तर सुमारे ७०.३. म्हणजे त्याला तेवढंच दुःख देऊन सरकारला १०.३ जास्त मिळाले असते, आणि तो साडेपंधरा तास राबला असता. हे १०.३ म्हणजे डेडवेट लॉस. तास हलले नाहीत ते उत्पन्न परिणाम (गरीब झाल्यामुळे जास्त काम) आणि पर्यायता परिणाम (तासाला कमी मिळतं म्हणून कमी काम) एकमेकांना खाऊन बसले म्हणून. नुकसान मोजायचं ते फक्त पर्यायता परिणामावरून, म्हणजे कॉम्पेन्सेटेड, उपयोगिता तेवढीच धरून काढलेल्या वक्रावरून. कॉम्पेन्सेटेड. हिक्सचा, मार्शलचा साधा वक्र नाही.

कराचं नुकसान दाखवणारा हार्बर्गरचा त्रिकोण काढताना तिरका वक्र कोणता? तोच. कर दुप्पट झाला की नुकसान साधारण चौपट होतं, हे तर पाठ असतंच सगळ्यांना, पण उतार चुकीच्या वक्राचा घेतला तर ते चौपटही चुकीच्या आकड्याचं. कोणत्या वस्तूवर किती कर लावावा हे सांगणारा रॅम्सीचा १९२७चा नियमही तसाच. ‘कमी लवचीक वस्तूवर (किंमत बदलली तरी जिची मागणी फारशी हलत नाही) जास्त कर’ हे सुटसुटीत रूप क्रॉस-परिणाम, म्हणजे एका वस्तूच्या किमतीचा दुसरीच्या मागणीवरचा परिणाम, शून्य धरल्यावरचं. मूळ नियम म्हणतो, छोट्या करांनी सगळ्या वस्तूंची मागणी सारख्या प्रमाणात घटावी. कोणती मागणी? उत्तर एव्हाना तोंडावर असायला हवं.

आणि धाक बसला म्हणून सगळीकडे हिक्स घुसवू नका, माझं तेही करून झालंय. करभार कोणावर पडतो हे काढताना बाजारातली खरी किंमत हलते, तिथे साधी मागणीच लागते. कायद्याने कर दुकानदाराकडून घेतला की ग्राहकाकडून, याने काही फरक पडत नाही. ज्याची बाजू कमी लवचीक त्याच्यावर भार जास्त.

सार्वजनिक वस्तूंमध्ये (ज्या सगळे एकदम वापरतात) सॅम्युएलसनची १९५४ची अट: सगळ्यांच्या सीमांत पर्यायता दरांची (आणखी एका नगासाठी प्रत्येकजण किती सोडायला तयार) बेरीज बरोबर सीमांत रूपांतरण दर (तो नग बनवायला किती सोडावं लागतं). आकृतीत मागणी वक्रांची बेरीज उभी करायची. हसू नका, घाईत हात आडवाच जातो. लिंडालच्या किमती, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या आवडीप्रमाणे वेगळी किंमत, देखण्या, पण खरी आवड सांगून जास्त पैसे कोण भरणार? क्लार्क-ग्रोव्हज यंत्रणा माणसाला खरं बोलायला लावते, मात्र गोळा झालेल्या आणि लागणाऱ्या पैशांचा हिशेब जुळेलच असं नाही. हे दुसरं अर्धं वाक्य लिहिल्याशिवाय मार्क मिळत नाहीत. वॉरचा १९८३चा निकाल, म्हणजे स्वेच्छेने वर्गणी देणाऱ्यांमध्ये पैसे इकडचे तिकडे केले तरी एकूण वस्तू तेवढीच राहते, एकदा स्वतः सिद्ध करा. सगळे देतच राहिले पाहिजेत ही अट विसरू नका.

बाकीचं पटपट. आयकराच्या वरच्या टप्प्यातून जास्तीत जास्त महसूल देणारा दर: एक भागिले (एक अधिक पॅरेटो प्राचल गुणिले लवचिकता); प्राचल म्हणजे वरच्या उत्पन्नांची शेपटी किती लवकर बारीक होते त्याचं माप, १.५ आणि ०.२५ धरले तर ७३ टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅटकिन्सन-स्टिग्लिट्झ १९७६ (आयकर असताना वस्तूंवर वेगवेगळे कर कधी नकोत), गृहीतकांसकट. प्रदूषणासारख्या बाह्य परिणामांवरचे पिगू, कोझ आणि वाइट्झमनचा किंमत की प्रमाण हा वाद: एक संध्याकाळ पुरे. टिबू (लोक आवडीचं स्थानिक सरकार निवडून तिथे राहायला जातात) वाचून सोडा.

पेपरात लवचिकता दिसली की समासात ‘कोणती?’ एवढंच लिहा. आणि कॅल्क्युलेटर चालतो का ते आधी विचारून घ्या, त्या ७०.३साठी २८,८००चं वर्गमूळ काढावं लागतं.