डबीबंद नाण्याची ग्रेड खरी की नुसतं लेबल?

काही कंपन्या नाण्याची अवस्था तपासून त्याला १ ते ७० या शेल्डन श्रेणीतला आकडा, म्हणजे ग्रेड, देतात आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. पण असा आकडा कुणीही लेबलवर छापू शकतं, त्यामुळे नवख्या संग्राहकाने आधी ग्रेड देणारी कंपनी तपासावी.

१. डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. पत्ता स्वतः टाइप करा, क्यूआर कोडवर विसंबू नका. फोटो दिसला तर वर्ष आणि टांकसाळीची खूण तर जुळवाच, पण खरी ओळख ओरखड्यांवरून पटते: नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरची बारीक रेघ, कडेचा ठोका. क्रमांक खरा आणि डबी नकली, असेही प्रकार होतात.

२. हमी लेखी आहे का पाहा. नाणं बनावट निघालं तर भरपाई कोण देणार?

३. मागितलेली नव्हे, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत बघा. त्याच नाण्याला, त्याच ग्रेडला एका कंपनीच्या डबीत सतत कमी भाव येत असेल, तर बाजाराचा तिच्यावर भरवसा नाही.

पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून) या ग्रेड देणाऱ्या अमेरिकी कंपन्या या कसोट्यांवर उतरतात; सुरुवात यांच्यापासूनच करावी.

स्वतःचं नाणं ग्रेडसाठी कंपनीकडे पाठवण्याआधी घासू-पुसू मात्र नका. साफ केल्याचं दिसलं की बहुधा आकड्याऐवजी नुसता ‘डिटेल्स’ शेरा मिळतो.